लाल धाग्याची बाटली

बालाघाट, ९ जानेवारी २००३

चि. संघमित्रा, जयभीम.

सुमेधबाबूच्या गालाला माझ्या नावानं एक चिमटा, पण हळू.

तू बाळंतपण करून नागपूरले गेली तसं घर असं गुमसुम झालं की तुझ्या बापानं काल आपणहून विचारलं, "आई, काही बोलून काहून नाही राह्यली?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, राजेंद्र, बोलायले समोर आयकणारं लागते. दोन महिने सुमेध आयकत होता. तू वनविभागाच्या फाइली आयकतो.

तू म्हणते फोन कर. पोरी, एसटीडीच्या डब्यात उभी राह्यली की समोरचे लाल आकडे पळतात, अन् त्यांच्या मागं माझे शब्द पळतात. त्यापेक्षा हे निळं पत्र बरं. शालिकराम गुरुजींनी मले पंचावन्नाव्या वर्षी अक्षर शिकवलं ते काय रेशन कार्डावर सही करायले? त्यांनी हिंदीत शिकवलं, मी मराठीत लिहिते, त्याची त्यांनी अजून तक्रार नाही केली.

आता कामाचं. बुद्धपौर्णिमा सोळा मेले येते. सुमेध तेव्हा सातव्या महिन्यात राहीन. आपल्या घरात लेकराच्या तोंडात पहिलं अन्न जाते ते पौर्णिमेची खीर, अन् तो घास माझा. तुझा बाप, तुझे दोन्ही काका, तू, तुझे भाऊ, असे अकरा झाले. सुमेध बारावा. वारासिवनीहून चिन्नौर तांदूळ आणायले सांगून ठेवला. खिरीतला भात आधी आपल्या तोंडात घ्यावा, गरम आहे का पाहावं, जिभेनं लोण्यासारखा करावा, मग बोटानं लेकराच्या जिभेवर ठेवावा. चमच्याले काय समजते गरम अन् थंड?

हे आताच सांगून ठेवते, कारण तुझी उकव्याची नानी, तुझ्या मायची माय, म्हणून राह्यली म्हणे की पहिला घास मी भरवीन, संघमित्राले मीच वाढवलं. तुझ्या मायले टायफॉइड झाला तेव्हा तू सहा महिने खदानीच्या क्वार्टरात होती. सहा महिन्यांचा एवढा बोभाटा! बाकीची पाच वर्षं तू काय हवेवर वाढली?

माझी तब्येत एकदम फर्स्ट क्लास. छातीखाली जरासं जळते, पण सोड्याचा डबा उशाशी आहे. पोलकं ढिलं झालं म्हणून तुझी माय बडबडते. मी म्हणते कापडच पसरलं.

जागा संपली. बाजूच्या पट्टीवर लिहिते: सुमेधले थंडीत टोपी घाल.

तुझी आजी
रुख्माबाई

—

नागपूर, १८ जानेवारी २००३

प्रिय आजी, जयभीम.

तुझं पत्र बाजूच्या पट्टीसकट वाचलं. सुमेधच्या डोक्यावर टोपी आहे, तो ती तोंडात घालून चोखतो.

तुला काळजी वाटेल म्हणून तिथे असताना सांगितलं नाही. मला बाळंतपणाआधीपासून पोटात दुखत होतं. उपाशी पोटी जास्त. इथे आल्यावर डॉक्टरांनी घशातून नळी घालून कॅमेऱ्यानं पोट आतून बघितलं. आत छाला निघाला, अल्सर म्हणतात तो. तिखटानं नाही, चिंतेनंही नाही. पोटात एक जंतू राहतो, त्याच्यामुळे. नाव मोठं आहे, हेलिकोबॅक्टर. चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत, बाळ अंगावर पितं ते बघून दिल्यात. मी बरी होणार आहे, तू रडू नको.

डॉक्टर म्हणाले की हा जंतू बहुतेक लहानपणीच घरातून येतो. त्यांनी काही प्रश्न विचारले, मला आठवेना, म्हणून तुला विचारते. एक, मी लहान असताना एका खोलीत किती जण झोपायचो? दोन, पिण्याचं पाणी कुठलं होतं आणि उकळायचो का? तीन, एका ताटात जेवायचो का? चार, घरात कोणाला पोटाचा त्रास होता? पाच, मला कोणी चावून भरवलं होतं का?

खिरीचं आपण मग बोलू.

तुझी
संघमित्रा

—

बालाघाट, २५ जानेवारी २००३

चि. संघमित्रा, जयभीम.

तुझं पत्र वाचून मी पहिले रडली, कारण तू मनाई केली होती. मग तुझ्या मायले रडवलं. मग दोघींनी चहा घेतला अन् मी चष्मा लावून बसली. डॉक्टर एवढा मोठा माणूस, अन् त्याले माझी साक्ष पाहिजे! तुझ्या बापाले कोणी अशी पाच सवालांची चिठ्ठी पाठवली का कधी?

एक नंबर. खोलीत नऊ जण झोपत होतो. तुझ्या धाकट्या काकाचं लग्न झालं तेव्हा दहा. तू माझ्याच कुशीत, तुझं तोंड माझ्या तोंडाशी. तुझ्या श्वासाले दुधाचा वास येत होता, मले त्याच्याशिवाय झोप नाही.

दोन नंबर. मोहल्ल्याची विहीर. पाणी गोड. उन्हाळ्यात खाली जाई तेव्हा जरा हिरवट दिसे, पण आम्ही तुझ्या आजाच्या धुतलेल्या धोतरानं गाळून घेत होतो. उकळायचं काहून? उकळलेलं पाणी बिमार माणसाले देतात. माठात एकच लोटा, सगळे त्यालेच तोंड लावत.

तीन नंबर. सगळी लेकरं एका परातीत. मी मध्ये बसून सगळ्यांले एका हातानं भरवत होती. ज्यानं अर्धा घास सोडला, तो दुसऱ्याच्या तोंडात. माझ्या हातून अन्न वाया गेलं नाही कधी.

चार नंबर. पोटाचा त्रास मले अजिबात नाही. माझं दुखत नाही, जळते. रोज दोन वेळा सोडा घेतला की एकदम शांत. आता तीन वेळा. तुझ्या आजाचं मात्र दुखत होतं. चैतराम म्हणजे मोठा तगडा गडी, पण शेवटी शेवटी पोट धरूनच बसत होते. भाकर नको म्हणत, मग पाणी बी नको म्हणत. वैद्य म्हणे अजीर्ण आहे. जाऊ दे ते.

पाच नंबर. हौ. अन् कोणी म्हणजे काय? मीच. पौर्णिमेच्या खिरीपासून तर तुले दाढा येईपर्यंत. दाणे, चणे, बोरं, सगळं माझ्या दातांनी बारीक करून दिलं. म्हणून तुझे दात एवढे चांगले आहेत, वापरलेच नाहीत.

हे सगळं वाचून तुझ्या ध्यानात आलंच असेल. जंतू उकव्याहून आला. तिथं पाणी खदानीचं, लाल. सहा महिने तू ते पाणी पेली. आपल्या घरात तर इतकी साफसफाई की तुझा आजा चप्पल बी बाहेर काढत होते. डॉक्टरले माझ्या नावानं जयभीम सांग अन् सांग, चोर सापडला.

खिरीसाठी तांदूळ आला. वास असा की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

आजी

—

नागपूर, २ फेब्रुवारी २००३

प्रिय आजी, जयभीम.

तुझी साक्ष मी डॉक्टरांना वाचून दाखवली. ते इतकं हसले की बाहेरची नर्स आत आली. मग ते गंभीर झाले आणि आजोबांचा भाग पुन्हा वाचा म्हणाले.

आजी, चोर कोणी नाही. हा जंतू आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात आहे. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. थोड्यांना छाला होतो. त्याहून अगदी थोड्यांना पोटात वाईट गाठ होते. तो एकाच्या तोंडातून, हातातून, पाण्यातून दुसऱ्याकडे जातो, म्हणून जिथे लहान खोलीत खूप माणसं, एक लोटा, एक परात आणि विहिरीचं पाणी, तिथे तो जास्त सापडतो. तुझे पाचही जबाब तेच सांगतात. त्यात कोणाचा दोष नाही. तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं.

पण आता माहीत आहे. म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली, तुझी तपासणी करून घे. छातीखाली जळणं आणि पोलकं ढिलं होणं, हे मला आवडलेलं नाही. सोड्यानं जंतू मरत नाही, फक्त आवाज बंद होतो.

दुसरी गोष्ट लिहायला चार दिवस लागले. सुमेधला पहिला घास तूच भरव. पण चमच्यानं. तुझ्या तोंडातून नको.

रागावू नको गं.

संघमित्रा

—

(पोस्टकार्ड)

बालाघाट, १० फेब्रुवारी २००३

चि. संघमित्रास जयभीम. पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. घास तुमच्या नानीनं भरवला तरी चालेल, तिच्यापाशी चमचे बहुत आहेत. तांदूळ शेजारणीले देऊन टाकला.

रुख्माबाई चैतराम

—

नागपूर, १७ फेब्रुवारी २००३

प्रिय आजी,

तू पोस्टकार्ड पाठवलंस. माझ्या जन्मात तू मला पोस्टकार्ड लिहिलं नव्हतंस. पोस्टमननं वाचून दिलं आणि म्हणाला, "आजीबाई रागावल्या वाटतं."

बाबांनी ऑफिसातून फोन केला होता. तांदूळ दिला नाहीस, पलंगाखाली आहे. तू जेवतही नाहीस नीट. दुपारी नळावर बसून बायकांना पोटाचं विचारत असतेस, एवढंच काय ते बोलणं.

आजी, मला अकरा जणांची आठवण तूच करून दिलीस. तू त्यांना भरवलंस तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे आणि मी आई आहे. मी गप्प बसले असते तर तू मला काय म्हणाली असतीस? आजोबांना काय होतं ते आता कोणी सांगू शकत नाही. पण तुझं सांगता येतं, आणि चौदा दिवसांत इलाजही होतो. मला तू पौर्णिमेला हवी आहेस. आणि पुढच्या वीस पौर्णिमांना.

आणखी एक. उकव्याच्या नानीला मी हे सगळं कळवलं. ती लगेच तपासणीला तयार झाली. म्हणाली, "माझं पोट साफ निघेल, मग चमचा माझ्या हातात देजो." मी तिला काही वचन दिलं नाही. फक्त तुला सांगते.

तुझी
संघमित्रा

—

बालाघाट, ३ मार्च २००३

चि. संघमित्रा, जयभीम.

पोस्टकार्डाचं मनावर घेऊ नको. निळी पत्रं संपली होती. (हे खोटं आहे. तीन होती.)

उकवेवाली तयार झाली म्हटल्यावर मी काय घरात बसते? त्याच दिवशी तुझ्या बापाले म्हटलं, राजेंद्र, कुठं जायचं ते सांग, लुगडं बदलते. तो म्हणे कुठंच जायचं नाही, इथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आहे, आता फक्त बाटलीत नमुना द्यायचा, तो नागपूरच्या लॅबमध्ये जाईन. मी विचारलं कशाचा नमुना. त्यानं छपराकडे पाहिलं. तेव्हा समजलं, परसाकडचा.

तुले तर माहीत आहे तो नमुना पोचला. पण कसा पोचला हे तुझा बाप मेला तरी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

उकवेवाली सकाळच्या बसनं आली. तिची बाटली तिनं कशात बांधून आणली असेल? पेढ्याच्या खोक्यात. वरतून सुतळी. जावयाच्या हातात अशी वस्तू द्यायची शरम वाटे, म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला, तोंड भिंतीकडे केलं अन् खोकं मागं सरकवलं. तुझा बाप बिचारा, सासूनं पेढे दिले समजून "असू द्या, कशाले" म्हणे! तुझ्या मायनं खोकं हिसकलं म्हणून वाचला, नाहीतर उघडत होता.

मी पाहिलं, दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही झाकणं पांढरी. चिठ्ठी चिकटवली होती, पण बर्फानं चिठ्ठी सुटली तर? माझं तिच्या नावावर जाईन अन् तिचं माझ्या. मी माझ्या बाटलीच्या गळ्याले लाल धागा बांधला, तीन गाठी. उकवेवाली म्हणे, "विहीणबाई, हे काय, राखी बांधून राह्यल्या?" मी म्हटलं, ज्याचं त्यानं ओळखावं.

मग दोन्ही बाटल्या घरच्या चहाच्या थर्मासात, मोठ्या तोंडाच्या, बर्फ घालून. तुझा बाप छोट्या रेल्वेनं गोंदियाले निघाला, तिथून मोठी गाडी नागपूरची. डब्यात समोर कोण? त्याच्या ऑफिसातला खेमराज. थर्मास पाहून त्याचं तोंड उजळलं. "राजेंद्रभाऊ, होऊ द्या एक घोट." तुझा बाप म्हणे चहा नाही. "मग कॉफी चालेल." कॉफी बी नाही. "मग थर्मासात काय आहे?" तुझ्या बापानं थर्मास कुशीत ओढला. खेमराज म्हणे, "बारा वर्षं एका टेबलावर बसलो, अन् एक घोट चहासाठी तुम्ही थर्मास कुशीत घेऊन बसले!" गोंदियापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राह्यला. परवा मी नळावर त्याच्या बायकोले खरं काय ते सांगून टाकलं. आता तो बोलते, पण आपल्या घरचा चहा पेत नाही.

नळावर मी सतरा बायकांले विचारलं. बारा जणी सोडा नाहीतर गॅसची गोळी खातात. तुझा डॉक्टर निम्मे म्हणते, मी तर जास्तच मोजले. त्याले सांगजो.

एक खरी गोष्ट लिहिते, हसू नको. थर्मास गेल्यावर मी अन् उकवेवाली ओट्यावर बसलो. ती म्हणे, "तुमचे मालक पोटानं गेले ना?" मी हौ म्हटलं. वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मले वाटे माझ्या हातचं तिखट त्यांले बाधलं. मी कोणाजवळ बोलली नाही. तू लिहिलं ना की तिखटानं होत नाही, ते वाक्य मी चार वेळा वाचलं.

रिपोर्ट लवकर कळव. लाल धागा माझा, विसरू नको.

आजी

—

नागपूर, ११ मार्च २००३

प्रिय आजी, जयभीम.

तुझ्या हातचं तिखट खाऊन आम्ही सगळे वाढलो. ते मनातून काढून टाक, आजच.

आता रिपोर्ट. आधी खोल श्वास घे आणि खाली बस.

लाल धाग्याच्या बाटलीत जंतू आहे. नानीच्या बाटलीत नाही.

यात हरणं-जिंकणं काही नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे, ती तिथल्या डॉक्टरांना दाखव. तीन तऱ्हेच्या गोळ्या, चौदा दिवस, एकही चुकवायची नाही, मध्ये बरं वाटलं तरी. संपल्यावर चार आठवडे थांबून पुन्हा तपासणी. तुझं वजन कमी झालंय, म्हणून पुढच्या आठवड्यात बाबा तुला इथे आणतील, कॅमेऱ्यानं एकदा आतून बघून घेऊ. मी हात धरून बसेन.

आणि नळावरच्या बायकांना सांग, सगळ्याच जळजळीत जंतू नसतो, आणि जंतू असलेल्या सगळ्यांना जळजळ होत नाही. उगाच बारा घरांत रडारड नको.

तू नाराज नाहीस ना?

संघमित्रा

—

बालाघाट, ३ एप्रिल २००३

चि. संघमित्रा, जयभीम.

नाराज? पोरी, तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मोहल्ल्यात साखर वाटली. तुझ्यापाशी नागपूरले आली तेव्हा हे बोलता नाही आलं, कारण घशात नळी होती अन् नंतर तू मले बोलू देईना. म्हणून आता लिहिते.

छोटासा छाला निघाला, गाठ-बीठ काही नाही, हे आयकून तू रडली ते मी पाहिलं. तुले वाटलं मी झोपली.

तर साखरेचं. नीट विचार कर. तुझ्या पोटात जंतू. माझ्या पोटात जंतू. उकवेवालीच्या पोटात नाही. मग तुले कोणी वाढवलं? लॅबनं लिहून दिलं! शिक्का आहे, सही आहे. पंचवीस वर्षं ती बाई प्रत्येक लग्नात सांगत फिरली की संघमित्राले मी चारलं, मी चारलं. आता रिपोर्ट काढला की सगळे गप्प. मी तो घडी करून साक्षरतेच्या सर्टिफिकेटाच्या मागं फ्रेममध्ये घालून टाकला.

तुझी माय म्हणते, "सासूबाई, बिमारीचा कोणी गर्व करते का?" तुझा बाप म्हणते तो जंतू पाण्यातून बी आला असेल, मायच्या तोंडातून बी आला असेल, कोणाचा कोणाले आला हे काही लॅब सांगत नाही. तू बी तेच म्हणशील. म्हणा. शिक्का माझ्यापाशी आहे.

गोळ्या काल संपल्या. चौदा दिवस तोंडाले अशी चव, जसा तांब्याचा पैसा जिभेखाली ठेवला. चहा पैशाचा, वरण पैशाचं. एक गोळी चुकवली नाही. भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या, तुझी माय रंग द्यायले लागली तर म्हटलं, चौदा पूर्ण होऊ दे. सोड्याचा डबा आठ दिवसांपासून उघडला नाही. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. पोलकं तुझ्या मायनं बारीक करून ठेवलं होतं, आता ते काखेत कचते. तिले पुन्हा उसवायले लावलं.

पाणी आता उकळूनच पितो. लोट्याले तोंड लावणं बंद केलं, वरतून पितो. तुझ्या बापाचं अर्धं पाणी सदऱ्यात जाते.

पण एक सांगायचं राह्यलं. उकवेवाली परवा आली होती. मी साखर पुढं केली. तिनं घेतली नाही. ओट्यावर बसली अन् डोळ्याले पदर लावला. मी घाबरली. ती म्हणे, "विहीणबाई, माझं पोट साफ कसं? मी बी तर तिले चारलं. क्वार्टरात एकच खोली होती, एकच गिलास होता. माझंच काहून नाही आलं तिच्यात?" आता सांग, साफ पोटासाठी रडणारं माणूस पाह्यलं का कुठं?  मले तर फ्रेम दाखवायची होती.

मग मी म्हटलं, तुमच्यात बी असंन हो. तुम्ही मागं निमोनियात ढीगभर दवाई खाल्ली, त्यात मेला असंन बिचारा. तिले ते पटलं. डोळे पुसले, दोन चिमटी साखर खाल्ली. तुझ्या डॉक्टरनं हे चूक म्हटलं तरी मले कळवू नको.

पुढच्या बाटलीले बी मीच धागा बांधीन.

आजी

—

नागपूर, ९ मे २००३

प्रिय आजी,

लाल धाग्याची दुसरी बाटली एकदम साफ! जंतू गेला. माझाही गेला.

डॉक्टरांना तुझी निमोनियाची गोष्ट सांगितली. तू कळवू नको म्हणालीस, म्हणून ते काय म्हणाले ते लिहीत नाही. पण हसले नाहीत.

आम्ही चौदाला निघतो. नवा चमचा मी आणते आहे, लहान, स्टीलचा. त्यावर सुमेधचं नाव कोरून घेतलंय. धरायला तू.

तांदूळ पलंगाखालून काढ.

संघमित्रा

—

बालाघाट, २२ मे २००३

चि. संघमित्रा, जयभीम.

तुमची गाडी सुटली अन् तुझा बाप फाटकापाशी उभा राहून रुमालानं चष्मा पुसत राह्यला. चष्मा साफच होता.

मले एक कबूल करायचं आहे. मी लिहिलं नाही तर उकवेवाली सांगेन, अन् तिच्या तोंडून आयकलं तर तू मले कधी माफ करणार नाही. म्हणून आधी मीच. राग येऊ देऊ नको, पूर्ण वाच.

पौर्णिमेची वंदना झाली. खीर वाटीत काढली. तू पाहत होती तोपर्यंत मी काय केलं ते तुले माहीत आहे. हात साबणानं धुतले. चमच्यानं भात दाबला, ओठाले न लावता मनगटावर ठेवून पाह्यला गरम आहे का. नाव कोरलेल्या चमच्यानं पहिला घास दिला. बाराव्या लेकराले. त्यानं तोंड वाकडं केलं, मग डोळे मोठे केले, मग आ केला. चमच्याले गरम-थंड समजत नाही हे मी अजून म्हणते, पण मनगटाले समजते.

दुसरा घास मी उकवेवालीले देऊ दिला. तू पाह्यलंच. तिले अशी घाई झाली की अर्धी खीर सुमेधच्या टोपीवर गेली.  मी नुसती टोपी काढून तुझ्या हाती दिली, अन् मले किती बोलावंसं वाटलं असेल ते तू समज.

मग तू टोपी धुवायले आत गेली. ओट्यावर मी, उकवेवाली अन् माझ्या मांडीवर सुमेध. त्याच्या तोंडात भाताचे दोन दाणे राह्यले होते. त्यानं ते गालातून गालात फिरवले, मग दोन बोटं तोंडात घातली, दाणे बाहेर काढले, डोळ्यांपुढं धरून पाह्यले. एकदम मऊ झालेले, लोण्यासारखे. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. अन् बोटं माझ्या तोंडात घातली.

आता मी काय करू? थुंकू? पौर्णिमेची खीर, अन् पणतवाचा पहिला घास?

गिळला.

अकरा लेकरांले मी तोंडातला घास भरवला, पोरी. माझ्या तोंडात असा घास कोणीच नव्हता भरवला.

उकवेवालीनं सगळं पाह्यलं. मी म्हटलं, विहीणबाई, संघमित्राले सांगू नका. ती म्हणे, "सांगत नाही, पण मले बी पाहिजे." अन् त्याच्यापुढं आ करून बसली. तू टोपी वाळत घालून येईपर्यंत तशीच होती. तुले वाटलं तिचा दात दुखते, तू लवंग आणून दिली. सुमेधनं तिले एक दाणा बी दिला नाही.  मोहल्ल्यात साखर पुन्हा वाटावी का, हा विचार चालू आहे.

तर डॉक्टरले विचार, आता पुन्हा बाटली द्यावी लागते का. लागत असेल तर खेमराज सुट्टीवर असेल ते दिवस पाहून तुझ्या बापाले पाठवीन. लाल धागा जपून ठेवला आहे. सोड्याच्या डब्यात. डबा आता रिकामाच आहे.

तुझी आजी
रुख्माबाई

बाजूच्या पट्टीवर: चमचा इथंच राह्यला. विसरला नाही, मी ठेवून घेतला.